सरळ केसांवर आफ्रो आणि ड्रेडलॉक्स: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे केस पहिल्यापासून सरळ आहेत. त्यांच्यावर आफ्रो किंवा ड्रेडलॉक्स होऊ शकतात का?

होऊ शकतात, परंतु आफ्रो म्हणजे डोक्याभोवती गोलाकार उभे राहणारे दाट कुरळे केस आणि ड्रेडलॉक्स म्हणजे केस एकमेकांत गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा; दोन्हींचे स्वरूप मुळातच वेगळे आहे आणि ते आधी समजून घेतले नाही, तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. केस सरळ येणार की कुरळा, हे त्वचेखालचा केशकूप ठरवतो. केशकूप सरळ आणि केसाचा छेद गोल असेल तर केस सरळ वाढतो. केशकूप वाकडा आणि छेद चपटा, लंबगोल असेल तर केस वळणे घेतच बाहेर पडतो. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांचे केस या दुसऱ्या प्रकारचे असल्यामुळे ते नुसते वाढवले तरी डोक्याभोवती गोलाकार उभे राहतात आणि बटा पाडून सोडून दिले तर आपसूक एकमेकांत अडकत जातात. आपल्याकडच्या सरळ केसाला यातले काहीच जमत नाही. तो ओघळतो, घसरतो आणि बांधलेली गाठसुद्धा चालता-बोलता सोडवून घेतो. त्यामुळे सरळ केसांवरचा आफ्रो नेहमीच रसायनाच्या, उष्णतेच्या किंवा घट्ट वेण्यांच्या आधाराने उभा असतो, आणि मुळाशी नवा केस येतो तो पुन्हा सरळच. ड्रेडलॉक्सचे तसे नाही. केस एकमेकांत गच्च गुंतून त्यांचा एकदा नमदा झाला की तो कोणत्याही रसायनाशिवाय टिकतो. फक्त तो होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष धीर धरावा लागतो.

आफ्रोसाठी केस किती लांब हवेत?

साधारण १० ते १५ सेंटिमीटर. लोकांना वाटते की केस जितके लांब तितका आफ्रो मोठा, परंतु सरळ केसांच्या बाबतीत नेमके उलटे घडते: लांब केस स्वतःच्याच वजनाने खाली येतो आणि गोलाकाराऐवजी कुरळ्या केसांचा तंबू तयार होतो. म्हणून कमरेपर्यंत केस असलेल्या व्यक्तीने आधी केस कापण्याची मनाची तयारी करावी आणि तेही डोक्याभोवती सगळीकडून सारखे अंतर राहील अशा गोल थरांत कापून घ्यावेत. हे कापणे पर्म करण्यापूर्वी, म्हणजे रसायनाने केस कुरळे करण्यापूर्वी होते. नंतर केवळ कडा सारख्या केल्या जातात.

पर्म करतात म्हणजे केसांचे नेमके काय होते?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या साखळ्यांना गंधकाचे बंध, म्हणजेच डायसल्फाइड बंध, एकमेकांना जखडून ठेवतात. ओले केस बारीक रॉडवर गुंडाळून त्यांच्यावर अमोनियम थायोग्लायकोलेटचे द्रावण लावले की हे बंध तुटतात. मग केस धुऊन हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले दुसरे द्रावण लावले की ते रॉडच्या आकारात नव्याने जुळतात. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा असतो. दोन-चार वेळा केस धुतल्यावर तो जातो. आफ्रोसाठी सर्वांत बारीक रॉड लागतात आणि प्रत्येक रॉडवर अगदी थोडे केस घ्यावे लागतात. त्यामुळे एका डोक्यावर शंभराच्या आसपास रॉड चढतात आणि अर्धा दिवस खुर्चीत जातो. जो कारागीर दोन तासांत आफ्रो करून देतो म्हणतो, तो बहुधा जाड रॉड वापरणार, आणि तुम्ही घरी जाल ते बाहुलीसारखे मोठे गोंडे घेऊन.

त्यानंतर ४८ तास केस धुऊ नयेत. रोज कंगवा किंवा ब्रश फिरवण्याऐवजी लांब, विरळ दातांची फणी मुळाशी घालून केस बाहेरच्या दिशेने उचलावेत. नवीन केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे तीन-चार महिन्यांत मुळाशी सपाट पट्टा दिसू लागतो आणि आफ्रो खालून खचतो. त्या वेळी जुन्या कुरळ्या भागावर पुन्हा द्रावण पडू न देता फक्त मुळाशी पर्म करणे हे अतिशय नाजूक काम आहे. ते जमत नसेल तर केस कापून पुन्हा सुरुवात करणे केसांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते. पहिल्यांदाच पर्म करणार असाल तर द्रावणाचा थेंब कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. डोक्यावर जखम किंवा पुरळ असेल तर हा विषयच पुढे ढकलावा आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

मी मागच्या वर्षी रिबॉन्डिंग करून घेतले आहे. आता पर्म चालेल का?

नाही. मुंबईत हा प्रश्न इतक्या वेळा येतो की पाटी करून लावावी असे वाटते. रिबॉन्डिंगमध्येही हेच बंध तोडून केस सरळ केलेले असतात. तेच बंध दुसऱ्यांदा तोडले की केस रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो, तोही टोकाशी नव्हे, मध्येच. रिबॉन्डिंग केलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबणे हा एकच मार्ग आहे. १० सेंटिमीटर नवा केस यायला आठ ते दहा महिने लागतात, हे धरून हिशेब करावा. मेंदीचेही सांगावे लागते. शुद्ध मेंदीचा रंग केराटिनला चिकटून बसतो आणि द्रावण केसात सारखे शिरत नाही. बाजारातल्या काही रंगमिश्रित मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापून जळू शकतात. कारागिरापासून मेंदी लपवू नये. मानेजवळची एक बट आधी करून पाहण्याचा आग्रह धरावा.

एका कार्यक्रमापुरता आफ्रो हवा आहे. रसायनाशिवाय होईल का?

होईल. रात्री दमट केसांच्या पन्नास-साठ बारीक, घट्ट वेण्या घालाव्यात, त्या पूर्ण वाळू द्याव्यात, सकाळी सोडून बोटांनी मोकळ्या कराव्यात आणि फणीने उचलाव्यात. हिवाळ्यात हा आफ्रो दिवसभर, क्वचित दोन दिवस टिकतो. पावसाळ्यात मात्र दादरला उभा असलेला आफ्रो अंधेरीपर्यंत बसून जातो, कारण वेण्यांनी किंवा क्रिंपिंगच्या यंत्राने आलेले वळण केवळ हायड्रोजन बंधांवर अवलंबून असते आणि हे बंध हवेतल्या ओलाव्यानेही सुटतात. जुलै महिन्यातल्या कार्यक्रमासाठी थेट आफ्रोचा विग घ्यावा. नाटक-सिनेमांसाठी टोप बनवणारे कसबी कारागीर या शहरात पूर्वीपासून आहेत. भाड्याने विचारले तरी काम होते.

ड्रेडलॉक्स कसे करतात? कोणती पद्धत सरळ केसांसाठी योग्य?

सरळ केसांसाठी उलटे विंचरणे आणि क्रोशाची सुई यांची जोडी सर्वांत भरवशाची आहे. केस स्वच्छ धुऊन, कोणतेही कंडिशनर न लावता, पूर्ण वाळवून घेतात. मग डोक्याचे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरचे चौकोन पाडतात. विटांच्या बांधकामात जसा वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येत नाही, तशी या चौकोनांची रचना करावी. नाहीतर डोक्यावर रेघा दिसतात. प्रत्येक चौकोनातली बट ताणून धरून बारीक दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे दाबत नेली की केस मुळाशी गोळा होऊ लागतात. अशी मुळापासून टोकापर्यंत बट गच्च झाली की अर्धा ते पाऊण मिलिमीटरची क्रोशाची सुई तिच्यात आत-बाहेर करून सुटे केस मधोमध ओढून घेतात. आफ्रिकी केसांसाठी नुसती पिळून बट करण्याची जी पद्धत आहे ती आपल्या केसांवर पहिल्या आंघोळीतच सुटते. इंटरनेटवर पाहून ती करू नये.

केस किमान १५ सेंटिमीटर असावेत, २५ असतील तर काम सोपे जाते. नमदा होताना लांबी साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते, हे आधीच लक्षात घ्यावे. चाळीस ते साठ बटांसाठी सहा ते दहा तास लागतात, आणि हे काम दोन दिवसांत विभागण्यात कमीपणा नाही. सरळ केसांची टोके सगळ्यांत आधी निसटतात. त्यांना सुईने आत वळवून बोथट करावे लागते. पहिले तीन महिने डोके विस्कटलेलेच दिसेल. बटा फुगतात, वाकतात, त्यांच्यात गुठळ्या होतात आणि केसांचे वेढे बाहेर निघतात. हे बिघडल्याचे नव्हे, बट आतून घट्ट होत असल्याचे लक्षण आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी मुळाशी आलेला सरळ केस सुईने आत घेतला की पुरे. दर आठवड्याला सुई चालवणाऱ्यांच्या बटा वर्षभरात मुळाशी दोऱ्यासारख्या बारीक होतात.

मेण लावले तर बट लवकर बसत नाही का?

दिसायला बसते. मी अगदी सुरुवातीला एका मैत्रिणीच्या केसांना मधमाश्यांचे मेण लावले होते; महिनाभर तिच्या बटा फार सुबक दिसल्या, आणि मग त्यांच्यात टॉवेलचे धागे, उशीतला कापूस आणि रस्त्यावरची धूळ अशी काही रुतून बसली की शेवटी अर्ध्या बटा कापाव्या लागल्या. मेण पाण्याने निघत नाही, साबणानेही नीट निघत नाही, आणि केसांना एकमेकांत अडकू देण्याऐवजी चिकटवून ठेवते. पेट्रोलियम जेलीचेही तेच. जो कारागीर मेणाची डबी काढेल त्याला नम्रपणे थांबवावे.

नुसते विंचरणे सोडून दिले तर?

सरळ केसांचे ड्रेडलॉक्स होत नाहीत, मानेवर एक-दोन जाड जटा होतात.

घरात आजी म्हणते, ‘ही देवीची जट आहे, अवलक्षण आहे.’ काय सांगावे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आजींच्या बोलण्यामागे महाराष्ट्राचा एक खराखुरा इतिहास आहे. आजारपण, बाळंतपण किंवा कष्टांपायी एखाद्या बाईला केसांकडे बघायला सवड मिळाली नाही, केस गुंतले, त्यात तेल आणि धूळ बसली की जट होते. वैद्यकात तिला प्लाइका पोलोनिका असे नाव आहे. परंतु आपल्याकडे तिला यल्लम्माचे बोलावणे समजले गेले. जट कापली तर घरावर संकट येईल या भीतीने बायका वर्षानुवर्षे ते ओझे, त्यातल्या उवा आणि मानेचे दुखणे सोसत राहिल्या, आणि कित्येक मुलींना याच कारणावरून देवीला सोडण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची समजूत काढून जटा कापण्याचे काम चिकाटीने करत आले आहेत.

तेव्हा आजींना इतकेच सांगावे की ही बट मी स्वतःच्या इच्छेने केली आहे, ती दर आठवड्याला धुतली जाते आणि नको वाटेल त्या दिवशी मी ती कापू शकते किंवा कापू शकतो. त्या पटकन मान्य करतील असे नाही. शंकराच्या जटांचा दाखला देऊन वाद जिंकण्याचा मोह होतो, पण माझ्या मते तो टाळावा. साधूच्या जटेला नमस्कार आणि घरातल्या बाईच्या जटेची भीती, हा भेद आजींनी निर्माण केलेला नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात ड्रेडलॉक्स टिकतात का?

टिकतात, पण या शहरातली खरी कसोटी हीच आहे. बाहेरून कोरडी लागणारी बट आतून तासन् तास ओली राहते. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, आणि अशा हवेत बटांच्या गाभ्यात बुरशी धरते. तिचा वास ओल्या पायपुसण्यासारखा असतो आणि तो एकदा बसला की सहसा बट कापूनच जातो.

म्हणून काही गोष्टींत हयगय करू नये. केस सकाळी धुवावेत, रात्री कधीही धुऊ नयेत. आठवड्यातून एकदा पुरे; पावसाळ्यात भिजलात तर ते धुणे नव्हे, पण वाळवणे मात्र तितकेच करावे लागते. टर्किश टॉवेलपेक्षा सुती पंचा चांगला, त्याचे धागे बटांत अडकत नाहीत. प्रत्येक बट पंचात धरून मुळाकडून टोकाकडे पिळावी, मग पंख्याखाली बसावे, आणि शेवटी ड्रायरची कोमट किंवा गार हवा मुळांपाशी द्यावी. बट दोन बोटांत दाबल्यावर गार लागली तर ती अजून ओली आहे. ओल्या बटांचा अंबाडा बांधून लोकल पकडणे ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक आहे. ज्यांना सकाळी एवढा वेळ मिळत नाही त्यांनी बटा जाड करू नयेत. बारीक बटा निम्म्या वेळात वाळतात. आणि ड्रेडलॉक्स सुरू करायचेच असतील तर ते नोव्हेंबरात करावेत, म्हणजे पहिल्या पावसापर्यंत सहा-सात महिने हाताशी मिळतात.

शाम्पू कोणता, आणि खोबरेल तेलाचे काय?

केसांवर काहीही मागे न ठेवणारा, पारदर्शक शाम्पू घ्यावा; मऊपणा आणि चमक देण्याचे वचन देणाऱ्या बाटल्यांमध्ये सिलिकोन असते आणि निसरडा केस गुंतत नाही. रिठ्याचे गाळलेले पाणी चालते, पण शिकेकाईची पूड नको, तिचे कण बटांतून निघत नाहीत. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याची शिफारस फार होते. सोडा अल्कधर्मी असतो आणि केसांची, त्वचेची प्रकृती किंचित आम्ल असते. क्वचित वापरला तर ठीक, नेमाने वापरला तर केस ठिसूळ होतात. तेलाच्या बाबतीत मराठी घरांत मोठा विरोध पत्करावा लागतो. पहिले सहा महिने तेल नाही. नंतर डोक्याची त्वचा कोरडी पडली तर बोटांच्या टोकांनी दोन-चार थेंब फक्त त्वचेला.

आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते. फरक पडतो का?

पडतो. महानगरपालिकेचे तलावांचे पाणी बऱ्यापैकी मृदू असते. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी अनेकदा जड असते आणि त्यातल्या क्षारांचा शाम्पूशी मिळून थर बसतो. शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची घ्यावी.

कोंडा किंवा उवा झाल्या तर सगळे काढावे लागेल का?

नाही. कोंड्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने केटोकोनॅझोलचा शाम्पू त्वचेवर काही मिनिटे ठेवून धुता येतो. उवांवर पर्मेथ्रिनचे औषध चालते, पण लिखा काढायची फणी बटांतून फिरत नसल्यामुळे औषध ठरल्या दिवशी दुसऱ्यांदा लावण्यात चूक होऊ देऊ नये.

यामुळे टक्कल पडते का? आणि गंगावन जोडून ड्रेडलॉक्स लांब करता येतात का?

बट केल्याने टक्कल पडत नाही, बट ओढल्याने पडते. कपाळाजवळच्या आणि कानशिलांवरच्या केसांवर सतत ताण राहिला की ते विरळ होतात, आणि ताण वर्षानुवर्षे राहिला तर तिथले केशकूप कायमचे निकामी होतात. त्यामुळे उंच, घट्ट अंबाडा रोज बांधू नये, आणि रात्री मुळांशी ठणका जाणवला तर बांधणी बदलावी.

गंगावनाचे तत्त्व आपल्याला नवे नाही. खऱ्या केसांचे ड्रेडलॉक्स सुईने बटांत गुंफता येतात, कृत्रिम धाग्यांचे वेणीत गुंफून काही आठवड्यांनी काढताही येतात. मात्र जितके ओझे जोडाल तितके ते मूळ केसच पेलणार आहेत. यात एक गंमत नोंदवण्याजोगी आहे: तिरुमला देवस्थानात भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते सरळ, काळेभोर केस विगांसाठी जगभर जातात, तर इकडे आपण सरळ केस कुरळे करण्यासाठी रांगेत उभे आहोत.

दुचाकी चालवताना हेल्मेट बसते का?

नेहमीच्या मापाचे बसत नाही. बटा मानेपाशी सैल बांधून, डोक्याच्या वरच्या भागावर काही न ठेवता, एक माप मोठे हेल्मेट घालून पाहावे; तेही गच्च बसत नसेल तर दुचाकी सोडून बस धरावी. आफ्रोवर हेल्मेट घातले की आफ्रो संपला, याला इलाज नाही.

ही कृष्णवर्णीयांची नक्कल ठरते का?

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर दोन शब्दांत देता येत नाही. १९३० मध्ये रास तफारी हे हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट झाले. त्यांना देवस्वरूप मानणारा रास्ताफारी पंथ त्याच दशकात जमैकात उभा राहिला. डोक्याला वस्तरा न लावण्याचे व्रत या पंथाने बायबलमधल्या गणना या पुस्तकातून घेतले, आणि गायक बॉब मार्ले यांच्यामुळे त्या बटा जगाने पाहिल्या. आफ्रोचा अर्थ १९६०च्या दशकात अमेरिकेत घडला: केस सरळ करून गोऱ्यांसारखे दिसण्याचे नाकारणे, हा त्यामागचा आग्रह होता. याच केसांवरून लोकांना नोकऱ्या आणि शाळा नाकारल्या गेल्या. कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदा केला तो थेट २०१९ मध्ये. असे केस आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी नाहीत. जंजिऱ्याचे राज्यकर्ते सिद्दी होते, आणि गुजरात व उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातील अनेकांना आजही शाळेत आपल्या केसांवरून चिडवले जाते.

माझे मत असे आहे की केस कोणाच्या मालकीचे नसतात, पण त्यांच्या पायी सोसलेला अपमान कोणाचा तरी असतो. आवड म्हणून, माहिती घेऊन केस केले तर त्यात मला गैर दिसत नाही. स्नेहसंमेलनात विग घालून तोंडाला काळे फासणे हे मात्र निखालस गैर आहे, आणि त्यासाठी कोणी केस करून मागितले तर मी देत नाही.

खर्च किती येतो?

दर तासांवर ठरतो, म्हणून आकडा विचारण्याआधी किती तास लागतील आणि पुढची देखभाल त्यात धरली आहे का, हे विचारावे.

कंटाळा आल्यावर ड्रेडलॉक्स सोडवता येतात का?

येतात, पण संयमाची तयारी हवी. बटा गरम पाण्याने धुऊन, भरपूर कंडिशनर आणि वर्ज्य केलेले तेच खोबरेल तेल सढळ हाताने लावून, टोकापासून सुरुवात करून जाड सुईने किंवा शेपटीच्या कंगव्याने एकेक गाठ उकलत वर जायचे असते. खालचा अर्धा भाग कापून टाकला तर काम निम्म्याहून कमी होते. दोघे-तिघे मदतीला असले तर एक शनिवार-रविवार पुरतो. एकट्याने आठवडा धरावा. या वेळी हातात केसांचे जे ढीग येतात ते पाहून पुष्कळजण घाबरतात. प्रत्येकाचे रोज ५० ते १०० केस गळतच असतात. एरवी ते कंगव्यात, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीत दिसतात, बटांमध्ये मात्र ते जागच्या जागी अडकून राहतात. दोन वर्षांचा हिशेब केला तर ही संख्या ३६ हजारांच्या पुढे जाते. तो ढीग त्या दिवशी गळलेल्या केसांचा नसतो, त्यामुळे तो गोळा करून डॉक्टरांकडे नेण्याची गरज नाही. डोक्यावर उरलेले केस टोकांना दुभंगलेले असतील. तेवढे कापून घ्यावेत आणि पुढचे सहा महिने त्यांच्यावर कोणतेही द्रावण लावू नये, आफ्रोचेसुद्धा.